आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणाची उष्णता कशी मोजावी: नव्याने प्रयोग करणाऱ्यांसाठी

हायड्रोक्लोरिक आम्लाचे विरल द्रावण आणि सोडिअम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण एकत्र केले की मिश्रणाचे तापमान काही सेकंदांत वाढते. ही वाढ तापमापीवर वाचणे सोपे आहे. तिच्यावरून नेमकी किती उष्णता बाहेर पडली हे ठरवणे मात्र काळजीचे काम आहे, आणि नवशिक्यांचे बहुतेक प्रयोग याच टप्प्यावर फसतात. थर्मोकोलचा कप, ०.१ अंशापर्यंत वाचता येणारा तापमापी, मोजपात्र आणि घड्याळ एवढ्याच साधनांनी मान्य मूल्याच्या अगदी जवळ पोहोचता येते. मात्र त्यासाठी प्रत्येक पायरी का करायची हे आधी समजून घेतले पाहिजे.

नेमके काय मोजायचे आहे

तीव्र आम्ल पाण्यात जवळजवळ पूर्णपणे विचरित होऊन हायड्रोजन आयन देते आणि तीव्र आम्लारी त्याच रीतीने हायड्रॉक्साइड आयन देते. दोन्ही द्रावणे मिसळल्यावर हे दोन आयन एकत्र येऊन पाण्याचा रेणू तयार होतो आणि बाहेर पडणारी उष्णता या घडामोडीची असते. सोडिअम आणि क्लोराइड आयन आधीही द्रावणात सुटे होते आणि नंतरही सुटेच राहतात. त्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी नायट्रिक आम्ल घेतले, किंवा सोडिअम हायड्रॉक्साइडऐवजी पोटॅशिअम हायड्रॉक्साइड घेतले, तरी तयार होणाऱ्या पाण्याच्या दर मोलमागे मिळणारी उष्णता जवळपास तेवढीच भरते. वेगवेगळ्या तीव्र आम्लांसाठी एकच आकडा का येतो याचा समाधानकारक खुलासा स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८७ साली मांडलेल्या आयनी विचरणाच्या सिद्धांताने झाला, आणि मला हा त्या सिद्धांताचा सर्वांत देखणा पुरावा वाटतो.

२५ अंश सेल्सिअसला, अतिशय विरल द्रावणांसाठी, हे मूल्य दर मोलला उणे ५५.८ किलोज्यूल मानले जाते. उणे चिन्ह अभिक्रिया उष्मादायी असल्याचे, म्हणजे उष्णता बाहेर टाकली जात असल्याचे दाखवते. अनेक पाठ्यपुस्तकांत उणे ५७.१ किंवा उणे ५७.३ असेही आकडे दिसतात आणि ते पाहून विद्यार्थी गोंधळतात. हे मूल्य तापमानाबरोबर बदलते: तापमान एका अंशाने वाढले की ते साधारण ०.२ किलोज्यूलने कमी होते. शिवाय द्रावण किती संहत आहे याचाही त्यावर थोडा परिणाम होतो. म्हणून आपल्या प्रयोगात ५५ ते ५७ च्या दरम्यान उत्तर आले, तर ते चांगले समजावे.

आधी अंदाज बांधा

द्रावणांना हात लावण्यापूर्वी तापमान किती वाढायला हवे याचा हिशेब कागदावर करावा. ५० मिलिलिटर १ मोलर (म्हणजे दर लिटरला १ मोल असलेले) आम्ल घेतले तर त्यात ०.०५ मोल हायड्रोजन आयन असतात. त्यांच्यापासून सुमारे २.८ किलोज्यूल उष्णता मिळते. दोन्ही द्रावणे मिळून १०० मिलिलिटर होतात. ते १०० ग्रॅम पाण्यासारखे मानले आणि पाण्याची विशिष्ट उष्मा दर ग्रॅमला, दर अंशाला ४.१८ ज्यूल धरली, तर तापमान जास्तीत जास्त ६.७ अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात काही उष्णता कप आणि तापमापी घेतात, म्हणून वाढ त्याहून थोडी कमी दिसेल. २ किंवा १२ अंशांची वाढ दिसली तर द्रावणाच्या तीव्रतेत किंवा मापात चूक झाली आहे हे या अंदाजामुळे जागच्या जागी कळते.

याच हिशेबात एक गोष्ट लपलेली आहे. दोन्ही द्रावणे ५०-५० मिलिलिटरऐवजी २५-२५ मिलिलिटर घेतली, तर उष्णता निम्मी निर्माण होते, पण ती निम्म्याच द्रावणात वाटली जाते, त्यामुळे तापमानातील वाढ जवळपास तेवढीच राहते. उलट आकारमान तेच ठेवून दोन्ही द्रावणे २ मोलर घेतली, तर वाढ दुप्पट होते. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या राशी आहेत, हे सूत्र पाठ करण्यापेक्षा हे दोन प्रयोग लागोपाठ करून पाहिल्याने अधिक पक्के बसते.

साहित्य आणि सुरक्षितता

१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १.०५ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड अशी द्रावणे घ्यावीत. आम्लारी मुद्दाम किंचित जास्त ठेवायची, म्हणजे सगळे आम्ल नक्की संपते आणि मोलचा हिशेब फक्त आम्लावरून करता येतो. त्यामुळे आम्लाची तीव्रता अचूक माहीत असली पाहिजे. नव्याने काम करणाऱ्यांनी प्रयोगशाळेत तयार आणि तपासलेले आम्लच वापरावे. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १२ मोलर असते आणि त्याच्या वाफा झोंबतात. ते विरल करण्याचे काम अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली, वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच करावे, आणि नेहमी पाण्यात आम्ल घालावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये.

सोडिअम हायड्रॉक्साइडचे २५० मिलिलिटर द्रावण करायला १०.५ ग्रॅम गोळ्या लागतात. या गोळ्या हवेतील ओलावा झपाट्याने शोषतात आणि कार्बन डायऑक्साइडमुळे त्यांच्यावर कार्बोनेटचा थर धरतो, म्हणून वजन चटकन करून बाटलीचे झाकण लगेच लावावे. गोळ्या पाण्यात विरघळतानाही दर मोलला सुमारे ४४.५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. द्रावण हाताला गरम लागते ते याचमुळे. ते पूर्ण थंड होऊन खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय प्रयोगाला वापरू नये.

डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि हातात मोजे पूर्ण वेळ असावेत. सोडिअम हायड्रॉक्साइड डोळ्यांसाठी आम्लापेक्षाही घातक ठरू शकते, कारण ते ऊतींमध्ये खोलवर शिरते. त्वचेवर आम्ल सांडले तर त्यावर आम्लारी, किंवा आम्लारी सांडल्यास आम्ल, कधीही ओतू नये: आपण जी उष्णता मोजायला निघालो आहोत तीच त्वचेवर निर्माण होईल. भरपूर वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुणे हाच योग्य उपाय आहे, आणि डोळ्यात गेले असल्यास डोळा धुणे सुरू ठेवूनच तातडीने वैद्यकीय मदत मागवावी. संहत द्रावणे मिसळण्याचा मोह तर अजिबात नको. दोन्ही द्रावणे १० मोलर असती, तर वरच्याच हिशेबाने तापमान साठहून अधिक अंशांनी वाढले असते. खोलीच्या तापमानापासून सुरुवात केली तरी मिश्रण उकळीच्या जवळ जाते आणि अंगावर उडू शकते.

पहिली पायरी: कपाचा वाटा शोधणे

एकात एक बसवलेले थर्मोकोलचे दोन कप, वर पुठ्ठ्याचे किंवा थर्मोकोलचेच झाकण, झाकणाला दोन छिद्रे, एकातून तापमापी आणि दुसऱ्यातून काचेची ढवळणी, हा आपला कॅलरीमापी, म्हणजे उष्णता मोजण्याचे साधन. तो कलंडू नये म्हणून मोठ्या चंचुपात्रात उभा करावा. थर्मोकोल स्वतः फार थोडी उष्णता घेतो, पण तापमापी, ढवळणी आणि कपाची आतली बाजू मिळून जो वाटा घेतात तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो. तो शोधण्यासाठी साध्या पाण्याचा एक प्रयोग पुरतो.

कपात खोलीच्या तापमानाचे ५० मिलिलिटर पाणी घ्यावे. दुसऱ्या भांड्यात ५० मिलिलिटर पाणी सुमारे ४० अंशांपर्यंत तापवावे, ओतण्याच्या अगदी आधी त्याचे तापमान वाचावे आणि ते पटकन कपात ओतून, झाकण लावून ढवळावे. समजा थंड पाणी २६.० अंशांवर, गरम पाणी ४०.० अंशांवर होते आणि मिश्रण ३२.६ अंशांवर आले. गरम पाण्याने ५० × ४.१८ × ७.४ म्हणजे सुमारे १५४७ ज्यूल दिले आणि थंड पाण्याला ५० × ४.१८ × ६.६ म्हणजे सुमारे १३७९ ज्यूल मिळाले. उरलेले १६८ ज्यूल कपाने व त्यातील साधनांनी घेतले. ती साधनेही थंड पाण्याइतकीच, ६.६ अंशांनी तापली, म्हणून कपाची उष्माधारकता दर अंशाला सुमारे २५ ज्यूल येते.

येथे दोन मोठ्या संख्यांमधील लहानसा फरक आपण वापरत आहोत. मिश्रणाचे तापमान वाचताना ०.१ अंशाची चूक झाली तरी हे उत्तर जवळपास पाव हिश्शाने बदलते. म्हणून हा भाग अनेकदा करून सरासरी घ्यावी, आणि एखाद्या वेळी उत्तर शून्याखाली आले तर घाबरून न जाता ओतण्यातील उशीर किंवा चुकीचे वाचन शोधावे. पाणी ७०-८० अंशांपर्यंत तापवू नये. इतके गरम पाणी ओततानाच बरीच उष्णता हवेत जाते आणि ती सगळी कपाच्या नावावर लागते.

दुसरी पायरी: मुख्य प्रयोग

कप कोरडा करून त्यात ५० मिलिलिटर सोडिअम हायड्रॉक्साइड पिपेटने घ्यावे. पिपेट नेहमी रबरी फुग्याने भरावी, तोंडाने ओढू नये. वेगळ्या स्वच्छ चंचुपात्रात ५० मिलिलिटर आम्ल घ्यावे. दोन्ही द्रावणे एकाच टेबलावर, उन्हापासून आणि पंख्याच्या झोतापासून दूर, अर्धा तास तरी ठेवलेली असावीत, म्हणजे त्यांचे तापमान जवळजवळ सारखे होते. अर्ध्या अंशापर्यंतचा फरक चालतो. आकारमाने समान असल्याने दोन्ही तापमानांची सरासरी हेच सुरुवातीचे तापमान धरता येते. एकाच तापमापीने दोन्ही द्रावणे पाहायची असतील तर मधे तो पाण्याने धुऊन पुसावा, नाही तर चिकटून आलेल्या थेंबांमुळे अभिक्रिया वेळेआधीच सुरू होते.

घड्याळ सुरू करून पहिली तीन मिनिटे दर मिनिटाला तापमान नोंदवावे. बरोबर चौथ्या मिनिटाला आम्ल एकदम, पण न सांडता, कपात ओतावे. या मिनिटाला वाचन घेऊ नये. झाकण लावून सावकाश, सतत ढवळत राहावे आणि साडेचारव्या मिनिटापासून दर अर्ध्या मिनिटाला, दहाव्या मिनिटापर्यंत तापमान लिहीत जावे. तापमापीचा फुगा द्रावणात पूर्ण बुडालेला हवा, मात्र कपाच्या तळाला टेकलेला नको. प्रयोग दोन जणांनी मिळून करणे सोयीचे पडते: एकाने ओतून ढवळावे, दुसऱ्याने वाचून लिहावे.

तिसरी पायरी: आलेखावरून खरी वाढ

नोंदीतील सर्वांत मोठे तापमान उचलून त्यातून सुरुवातीचे तापमान वजा करणे ही सहज होणारी चूक आहे. अभिक्रिया क्षणार्धात होते, पण तापमापीला तापायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात कप थोडी उष्णता बाहेर सोडत असतो. त्यामुळे दिसणारे शिखर नेहमी खऱ्या शिखरापेक्षा थोडे खाली असते.

यासाठी आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर तापमान घेऊन आलेख काढावा. मिसळण्यापूर्वीच्या बिंदूंमधून एक सरळ रेषा चौथ्या मिनिटापर्यंत पुढे न्यावी आणि मिसळल्यानंतर तापमान एकसारखे उतरू लागलेल्या बिंदूंमधून दुसरी रेषा चौथ्या मिनिटापर्यंत मागे आणावी. चौथ्या मिनिटाच्या उभ्या रेषेवर या दोन रेषांमधील अंतर हीच तापमानातील खरी वाढ. उदाहरणार्थ, पाचव्या मिनिटाला ३२.६, सातव्याला ३२.४ आणि नवव्याला ३२.२ अंश अशी वाचने मिळाली, तर तापमान मिनिटाला ०.१ अंशाने उतरत आहे. म्हणून चौथ्या मिनिटाला ते ३२.७ अंश असायला हवे होते. सुरुवातीचे तापमान २६.३ अंश असेल तर वाढ ६.४ अंश ठरते. उतार यापेक्षा बराच तीव्र दिसला तर झाकण नीट बसलेले नाही असे समजावे.

चौथी पायरी: गणित

द्रावणाने घेतलेली उष्णता: १०० × ४.१८ × ६.४ = २६७५ ज्यूल. कपाने घेतलेली उष्णता: २५ × ६.४ = १६० ज्यूल. एकूण २८३५ ज्यूल. ही ०.०५ मोल पाणी तयार होताना मिळाली, म्हणून दर मोलला ५६.७ किलोज्यूल, चिन्हासह लिहायचे तर उणे ५६.७. कपाचा वाटा सोडून दिला असता तर हेच उत्तर ५३.५ आले असते. पाण्याच्या प्रयोगावर घालवलेला वेळ वाया जात नाही तो असा.

द्रावणाला पाण्यासारखे मानणे कितपत योग्य, असा प्रश्न येथे पडायला हवा. तयार होणारे सुमारे ०.५ मोलर सोडिअम क्लोराइडचे द्रावण पाण्यापेक्षा साधारण दोन टक्के जड असते, तर त्याची विशिष्ट उष्मा पाण्यापेक्षा तीन-चार टक्क्यांनी कमी असते. या दोन चुका विरुद्ध दिशांच्या असल्याने बऱ्याच अंशी एकमेकींना झाकतात आणि दीड-दोन टक्क्यांचा फरक उरतो. खरी अडचण तापमापीची आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या अशा दोन्ही वाचनांत ०.१ अंशाची शंका असेल, तर ६.४ मध्ये ०.२ म्हणजे तीन टक्के अनिश्चितता आपोआप येते. म्हणून उत्तर ५६.७२ असे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिणे चुकीचे आहे. ५७, दोनच्या मर्यादेत कमी-जास्त, असे लिहिणे रास्त. एकेक अंशाच्या खुणा असलेल्या तापमापीने हा प्रयोग करण्यात फारसा अर्थ नाही.

उत्तर बिघडले तर

उत्तर बरेच कमी आले तर आधी सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण जुने आहे का ते पाहावे. कार्बन डायऑक्साइड शोषलेल्या द्रावणात हायड्रॉक्साइडच्या जागी कार्बोनेट असते. शोषण जास्त झाले असेल तर आम्लारी आपल्याला वाटते तितकी जास्त राहत नाही आणि आम्लाचा काही भाग कार्बोनेटशी अभिक्रिया करतो, ज्यात उष्णता खूपच कमी मिळते. प्रयोग संपल्यावर मिश्रणात फिनॉल्फथॅलिनचा थेंब टाकावा: गुलाबी रंग आला तर आम्लारी शिल्लक आहे आणि हिशेब बरोबर आहे. उत्तर फार जास्त आले तर मात्र आम्लाची तीव्रता किंवा अजून गरम असलेले आम्लारीचे द्रावण यांवर पहिला संशय घ्यावा.

सौम्य आम्ल घेतल्यास

सौम्य आम्लाचे रेणू द्रावणात बहुतांशी अखंड असतात आणि उदासिनीकरण होताना ते विचरित होतात. त्या विचरणाची उष्णता एकूण आकड्यात मिळवली किंवा वजा केली जाते. सौम्य आम्लारी घेतली तरी असाच फरक पडतो: अमोनियाचे द्रावण आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्यात दर मोलला सुमारे ५२ किलोज्यूल मिळतात. असेटिक आम्लाबाबत मात्र मोठ्या फरकाची अपेक्षा ठेवू नये: खोलीच्या तापमानाला त्याच्या विचरणाला जवळजवळ उष्णताच लागत नाही, म्हणून साध्या कपात ते तीव्र आम्लापासून वेगळे ओळखूही येत नाही. ‘सौम्य आम्लाची उष्णता नेहमी कमी’ हा सरसकट नियम त्यामुळे जपून वापरावा. हायड्रोफ्लुओरिक आम्ल सौम्य असूनही दर मोलला ६८ किलोज्यूलच्या आसपास देते, कारण त्याचे विचरण स्वतःच उष्मादायी आहे. अर्थात ते अत्यंत घातक असल्याने त्याचा प्रयोग करायचा नाही. खाण्याच्या सोड्याच्या, म्हणजे सोडिअम बायकार्बोनेटच्या, द्रावणात आम्ल घातले तर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण उलट किंचित थंड होते. आम्ल कमी करणारा प्रत्येक पदार्थ उष्णता देतोच असे नाही, हे त्यातून उघड दिसते.

पुढचा प्रयोग

याच कपात एक जुना आणि महत्त्वाचा नियम पडताळता येतो. जर्मेन हेन्री हेस यांनी १८४० साली सेंट पीटर्सबर्ग येथे मांडलेला उष्णतेच्या बेरजेचा नियम सल्फ्युरिक आम्लाच्या उदासिनीकरणाच्या मापनांतूनच पुढे आला होता: आम्ल आधी विरल करा किंवा करू नका, विरल करतानाची आणि उदासिनीकरणाची उष्णता मिळून बेरीज तीच येते. आपल्यासाठी सोडिअम हायड्रॉक्साइड सोयीचे. २.० ग्रॅम गोळ्या १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवल्या तर तापमान सुमारे ५ अंशांनी वाढते. तेवढ्याच गोळ्या १०० मिलिलिटर ०.५५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्या तर सुमारे ११.३ अंशांनी वाढते, म्हणजे दर मोलला १०० किलोज्यूलच्या आसपास. विरघळण्याचे ४४.५ आणि उदासिनीकरणाचे ५६ यांची बेरीज तेवढीच होते. गोळ्या विरघळायला वेळ घेतात, त्यामुळे येथे तापमान एकसारखे उतरू लागेपर्यंत वाचने घेत राहावीत आणि मगच रेषा मागे आणावी. गोळ्यांनी ओलावा घेतला असेल तर पाण्यातील आणि आम्लातील दोन्ही आकडे घटतात. तेव्हा दोन्ही प्रयोगांसाठी गोळ्या एकाच बाटलीतून आणि लागोपाठ तोलाव्यात.